वाऱ्याचा डोळा

एप्रिल सरत आला आहे. परीक्षांचे ओझे उतरलेली मुले उन्हाची पर्वा न करता अंगणात हुंदडत आहेत, आढीतल्या आंब्याचा वास माजघर ओलांडून ओसरीपर्यंत आला आहे आणि महिन्याभरापूर्वी पार उघडाबोडका झालेला दारचा पिंपळ तांबूस, कोवळ्या पानांनी असा लवलवतो आहे, की तो कधी म्हातारा झालाच नव्हता असे वाटावे. चैत्राने पालवी आणायची आणि आपण दरवर्षी तिचे नव्याने नवल करायचे, हा जुना रिवाज. गेल्या वर्षीच्या वह्या रद्दीत द्यायच्या, पाडव्याला कडुनिंबाचे पान चावायचे, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला माठ दान करायचा आणि सरलेल्या वर्षाचा जमाखर्च मनातल्या मनात मांडायचा. सरकारी चोपड्याही याच महिन्यात नव्या होतात.

नेमक्या याच दिवसांत एका परक्या भाषेचा जमाखर्चही मांडला जातो. आज २३ एप्रिल, शेक्सपिअरचा स्मृतिदिन. त्याच्या जन्माची तारीख कुणी लिहून ठेवली नाही, फक्त २६ एप्रिल १५६४ ही बाप्तिस्म्याची नोंद आहे. गेला मात्र तो १६१६ च्या २३ एप्रिलला, आणि २०१० पासून संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस इंग्रजी भाषेसाठी राखून ठेवला. पण एप्रिलशी इंग्रजीचे नाते एवढ्यावर संपत नाही. सॅम्युअल जॉन्सनचा कोश लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो १५ एप्रिल १७५५ रोजी, आणि ऑक्सफर्डच्या महाकोशाचा शेवटचा भाग बाहेर पडला तो १९ एप्रिल १९२८ रोजी. शब्दांची पालवी मोजायला त्या लोकांनाही हाच महिना सापडावा, हा योगायोग खरा, पण गोड आहे.

पालवी म्हटले खरे. ही उपमा काही आपली नव्हे. रोमच्या होरेसने दोन हजार वर्षांपूर्वी शब्दांना रानातल्या पानांसारखे म्हटले होते, जुनी गळतात, नवी फुटतात. उपमा सुंदर आहे, पण पिंपळाखाली उभे राहून पाहिले तर ती पुरी लागू पडत नाही, हेही लक्षात येते. गळलेले पान गळलेलेच असते. शब्दाचे तसे नाही. तो फांदीवर तसाच दिसतो, आकार तोच, शिरा त्याच. आतला रस मात्र पालटलेला असतो, आणि तो केव्हा पालटला हे शेजारच्या पानालाही कळत नाही.

शाळेतल्या पहिल्या इंग्रजी धड्यापासून आपल्या ओळखीचा असलेला 'नाइस' घ्या. लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत उतरला आणि सात शतकांपूर्वी कुणाला 'नाइस' म्हणणे म्हणजे त्याला मूर्ख म्हणणे होते. पुढे तो चोखंदळ झाला, मग काटेकोर, मग नाजूक, आणि अठराव्या शतकात येता येता छानछान झाला. 'सिली'चा प्रवास अगदी उलट्या दिशेचा. तो आरंभी धन्य होता, देवाची कृपा असलेला. मग निष्पाप, मग बिचारा, बापडा, आणि शेवटी वेडगळ. साध्याभोळ्या माणसाच्या वाट्याला जगात जे येते तेच त्या शब्दाच्या वाट्याला आले, असे म्हणावेसे वाटते. आपल्याकडे काय वेगळे आहे? स्मृतिग्रंथांत 'साहस' हा बळजबरीचा गुन्हा होता, त्याला दंड होता. आज साहसाला शाळेत बक्षीस मिळते.

सगळ्यात मोह पडतो तो 'लॉर्ड' आणि 'लेडी' या जोडीचा. राजवाड्यातल्या झुंबरांखाली वावरणारे हे दोन शब्द मुळात स्वयंपाकघरातले. प्राचीन इंग्रजीत 'लॉर्ड' म्हणजे पावाचा राखणदार आणि 'लेडी' म्हणजे पावाची कणीक मळणारी. ज्याच्या घरी धान्य आहे तो धनी, आणि जिच्या हाताला पीठ आहे ती धनीण. हजार वर्षांत पीठ झडून गेले, मान उरला. आपल्या गावाकडच्या माजघरात बसलेल्या कुठल्याही आजीला हे सांगितले, तर तिला त्यात काही नवल वाटणार नाही.

इंग्रजीचे घर मुळात अनेकांनी बांधलेले. नवव्या-दहाव्या शतकांत उत्तरेकडून समुद्र ओलांडून आलेल्या नॉर्स लोकांनी लुटालूट केली, मग शेती केली, सोयरिकी केल्या, आणि जाता जाता भाषेत अगदी चुलीपाशी जागा मिळवली. चाकूचा 'नाइफ' त्यांचा, आभाळाचा 'स्काय' त्यांचा, इतकेच काय, 'दे' आणि 'देम' ही सर्वनामेसुद्धा त्यांचीच. दुसऱ्याची सर्वनामे उचलणारी भाषा विरळाच. पण त्या साऱ्या ठेव्यात मन रेंगाळते ते 'विंडो'पाशी. नॉर्स भाषेतला हा जोडशब्द, आणि त्याचा अर्थ वाऱ्याचा डोळा. काच नव्हती, भिंतीला एक भोक होते, त्यातून वारा घरात डोकावत असे. आणि आपल्याकडे? 'गवाक्ष', म्हणजे गाईचा डोळा. 'वातायन', म्हणजे वाऱ्याची वाट. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी भिंतीतल्या एका भोकाकडे पाहिले आणि कुणाला त्यात डोळा दिसला, कुणाला वारा. आज आपण संगणकावर खिडक्या उघडतो आणि मिटतो. वारा केव्हाच निघून गेला. शब्दाने मात्र आपली चौकट सोडलेली नाही.

नवा शब्द दारात आला की घरात कुरबूर होतेच. इंग्लंडमध्ये छपाई आणणाऱ्या विल्यम कॅक्स्टनने १४९० च्या एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक किस्सा लिहून ठेवला आहे. थेम्स नदीवर वारा पडल्यामुळे काही व्यापाऱ्यांचे गलबत अडकले. ते किनाऱ्यावर उतरले आणि त्यांतल्या एकाने एका घरी जाऊन खायला मागितले. विशेषतः अंडी मागितली, 'एग्ज' म्हणून. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. अखेर दुसऱ्याने 'आयरेन' मागितले तेव्हा तिला उमगले. एकाच भाषेची दोन माणसे, समोर चूल, भूक खरी, आणि अडले कशावर, तर उत्तरेतून आलेल्या एका नव्या शब्दावर. त्या बाईचा 'आयरेन' हा अस्सल, पिढीजात, घरचा शब्द होता. तो आज कुणालाच ठाऊक नाही. सारे जग 'एग' म्हणते. कॅक्स्टनला पडलेला प्रश्न आपल्या प्रत्येक संपादकाच्या मेजावर आजही आहे: छापायचे तर कुठले अंडे छापायचे?

सोवळे पाळणारेही तिकडे होतेच. सोळाव्या शतकातला केंब्रिजचा विद्वान जॉन चीक ग्रीकचा गाढा पंडित, पण इंग्रजी मात्र निर्भेळ हवी असा त्याचा आग्रह. बायबलचा अनुवाद करताना त्याने परके शब्द गाळून घरच्या धातूंतून नवे घडवले. शंभर शिपायांच्या नायकाला 'हंड्रेडर' म्हटले, वेड लागलेल्याला 'मून्ड', चंद्राने झपाटलेला. शब्द अर्थवाही होते, पण चालले नाहीत. आपल्याकडे शिवकाळात फारसीला संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. त्यांतले 'महापौर', 'दिनांक' रुजले, पुष्कळसे वाळून गेले. रोप कुणी लावले यावर ते जगणे अवलंबून नसते. ते लोकांच्या तोंडी ओल धरते की नाही, एवढेच पाहायचे.

जॉन्सनलाही हे शहाणपण अनुभवातून आले. १७४७ मध्ये त्याने कोशाचा आराखडा मांडला तेव्हा भाषा एकदाची स्थिर करून टाकावी, अशी उमेद त्याला होती. लंडनच्या गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा मदतनीस घेऊन तो बसला. पुस्तके वाचायची, हव्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढायची, समासात त्याचे आद्याक्षर लिहायचे. मदतनिसांनी ते वाक्य चिठ्ठीवर उतरवायचे. तीन वर्षांचे काम नऊ वर्षे चालले, चाळीस हजारांहून अधिक शब्द झाले, आणि प्रस्तावना लिहायची वेळ आली तेव्हा तो मोकळेपणाने कबूल करून गेला की भाषेला मसाला भरून टिकवता येईल ही आशाच फोल होती. काम पुरे करून आपला मूळ हेतू चुकला होता हे सांगायला धैर्य लागते. कोशातल्या व्याख्यांपेक्षा आम्हाला ही कबुली मोलाची वाटते.

त्यानंतर शतकभराने, १८५७ मध्ये, इकडे मुंबईत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि त्याच वर्षी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत रिचर्ड ट्रेंच नावाच्या धर्मगुरूने इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर दोन निबंध वाचले. कोशकाराने शब्दांचा न्याय करू नये, इतिहास लिहावा, हा त्याचा मुद्दा. चांगला-वाईट निवडत बसू नका. जो शब्द भाषेत आला तो केव्हा आला, कसा वागला, केव्हा गेला, याची नोंद ठेवा. या एका विचारातून ऑक्सफर्डचा महाकोश उभा राहिला. १८७९ मध्ये संपादकपद स्वीकारलेल्या जेम्स मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या साऱ्यांना जाहीर आवाहन केले: पुस्तके वाचा, शब्द टिपा, चिठ्ठ्या पाठवा. कागदाच्या तुकड्यावर डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली वर्ष, लेखक, ग्रंथ, पान आणि पूर्ण वाक्य. बस, एवढेच.

आणि चिठ्ठ्या आल्या, गोणी भरभरून आल्या. मरे यांच्याआधी हे काम पाहणाऱ्या मंडळींकडून हाती आलेल्या एका गोणीत मेलेला उंदीर निघाला, दुसरीत जिवंत उंदरीण पिलांसह नांदत होती. आयर्लंडमधल्या एका तबेल्यात काही चिठ्ठ्या सापडल्या. त्यांतल्या बऱ्याच जाळ पेटवायला वापरून झाल्या होत्या. मरे यांनी बागेत पत्र्याची शेड उभारली आणि भिंतींना कबुतरखान्यासारखे शेकडो कप्पे ठोकून घेतले. त्यांना अकरा मुले. ती सारी मुले खाऊच्या पैशांसाठी चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावत बसत. हे चित्र आपण क्षणभर डोळ्यांपुढे आणावे: दिवेलागणीची वेळ, आईने हाक मारीपर्यंत चाललेले काम, आणि चिमुकल्या बोटांत एका अवाढव्य भाषेचे सुटे सुटे तुकडे. काम दहा वर्षांत व्हायचे होते. पाच वर्षे झाली तेव्हा पहिला भाग निघाला आणि तो मुंगीपर्यंत, म्हणजे 'अँट'पर्यंतच पोचला होता. १९१५ मध्ये मरे वारले तेव्हा 'टी' हे अक्षर चालू होते. १९२८ मध्ये कोश पुरा झाला त्या वेळी ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे त्यात होती. तरीही 'बाँडमेड', म्हणजे दासी, हा शब्द राहून गेला. त्याच्या चिठ्ठ्याच हरवल्या होत्या. आयुष्यात जिची कुणी दखल घेतली नाही, तिची कोशातही नेमकी चिठ्ठी हरवावी! 'अपेंडिसायटिस'ही पहिल्या खंडात नव्हता. पुढे १९०२ मध्ये त्याच दुखण्याने सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक लांबणीवर पडला आणि साम्राज्यातल्या पोराटोरांच्या तोंडी तो शब्द झाला. कोश नेहमी असाच एक पाऊल मागे असतो, आणि त्यात त्याला कमीपणा नाही.

शब्दांची ही ये-जा आपल्या अंगणातूनही चालते. 'मुंगूस' सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठीतून उचलला गेला आणि त्याच्या शेपटाला इंग्रजांनी आपला 'गूस', म्हणजे हंसाच्या कुळातला पक्षी, चिकटवून टाकला. गूसचे अनेकवचन 'गीज' होते, मुंगसाचे मात्र होत नाही, यावर तिकडची मुले अजून अडखळतात. 'लूट' हा शब्द लुटीतच गेला. उलट, तिकडे मेलेले शब्द आपल्याकडे खुशाल जगत आहेत. गॅरेजवाला पोरगा चाक ठोकून विचारतो, "साहेब, स्टेपनीत हवा हाय का? डिकी उघडा." लंडनच्या रस्त्यावर हे वाक्य बहुतेकांना कळणार नाही. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावी, स्टेपनी नावाच्या रस्त्यावर, पंक्चर झालेल्या चाकावर बसवायचे जादा चाक तयार होऊ लागले. रस्त्याचे नाव चाकाला मिळाले, चाक जगभर फिरले, आणि आता त्या नावाचा सांभाळ आपले ड्रायव्हर करत आहेत. 'डिकी' ही जुन्या गाड्यांच्या पाठीमागची उघडी बैठक. बैठक गेली, सामान ठेवायची जागा उरली. 'टिफिन'ही तसाच. घोट घोट पिण्याला इंग्रजी बोलीत 'टिफिंग' म्हणत, त्यावरून हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी दुपारच्या खाण्याला हे नाव दिले. त्यांच्या देशात तो नाहीसाच झाला. आणि २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-कोशात आपली 'चाळ' आणि आपला 'डबा' जाऊन बसले. टिफिन घेतला, डबा दिला, हिशेब चुकता.

'ब्रॉडकास्ट' हा शब्द आकाशवाणीच्याही आधी शेतात होता. मुठीत बी घेऊन हात लांबवून चौफेर फेकायचे, ही ती क्रिया. आपला शेतकरी तिला फोकून पेरणे म्हणतो. विसाव्या शतकात रेडिओ आला तेव्हा आवाज चौफेर फेकायला इंग्रजीने शेतातलाच शब्द उचलला, नवा घडवत बसली नाही. आपण 'प्रक्षेपण' केले. शब्द उत्तम आहे, पण त्याच्या अंगाला माती नाही. 'फोकणी' शेतातच राहिली, आणि आता ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रापुढे तीही आणि तिफणही मुलांना समजावून सांगावी लागते. तिफण गेली, टिफिन राहिला, असे म्हणून हसता येते. पण हसू पुरते उमटत नाही.

कारण शब्द जाताना एकटा जात नाही. २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या मुलांच्या छोट्या कोशातून ओकच्या फळाचा 'एकॉर्न' काढला, 'ब्लूबेल' काढला, 'किंगफिशर' काढला. 'ब्लॉग', 'ब्रॉडबँड', 'व्हॉइसमेल' घातले. संपादकांची बाजू अगदी ट्रेंचच्या चालीची होती: मुले जे शब्द वापरतात ते आम्ही देतो. २०१५ मध्ये मार्गारेट अॅटवूड, रॉबर्ट मॅकफार्लन यांच्यासह अठ्ठावीस लेखकांनी खुले पत्र लिहून हरकत घेतली. कोण बरोबर? आम्हाला वाटते, कोशकार नोंदीपुरते बरोबर होते आणि लेखक तक्रारीपुरते. चूक होती ती मुलांना ओढ्याकाठी न नेणाऱ्या मोठ्यांची. आपल्याकडचा 'खंड्या' तरी कितीजणांना ओळखू येतो? तारेवर बसलेल्या त्या निळ्या झळाळीला इंग्रजी नावाने हाक मारली, तर पक्ष्याआधी भलत्याच बाटलीची आठवण होणारे घरोघरी आहेत.

गेलेले शब्द कधी परततातही. २०२४ चा शब्द म्हणून ऑक्सफर्डने 'ब्रेन रॉट' निवडला, मोबाइलवरचा पाचकळपणा बघून बघून कुजलेल्या मेंदूसाठी. आणि त्याची पहिली नोंद सापडली ती तळ्याकाठी राहिलेल्या थोरो या अमेरिकन लेखकाच्या १८५४ सालच्या 'वॉल्डन'मध्ये. मेरियम-वेबस्टरने २०२५ साठी 'स्लॉप' निवडला. हा मूळचा चिखल, मग डुकरांपुढे ओतायचे खरकटे, आणि आता यंत्राने ओतलेल्या निकस मजकुराचा लोंढा. ही परतलेली माणसे आपण ओळखू शकतो, कारण कुणीतरी त्यांच्या पहिल्या येण्याची तारीख टिपून ठेवली होती. तळ्याकाठच्या एका माणसाचा शब्द एकशे सत्तर वर्षांनी त्याच्याच नावे जमा होतो, तो त्या डाव्या कोपऱ्यातल्या नोंदीमुळे.

इंग्रजी बदलते म्हणून आपण तिचे कौतुक करतो आणि मराठी बदलते म्हणून गळा काढतो, यात काहीतरी विसंगत आहे. बदल दोघींनाही चुकलेला नाही. फरक आहे तो घरच्या माणसांनी वही उघडी ठेवण्याचा. आपल्याकडेही दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. त्यानंतरची नव्वद वर्षे आपण बरीचशी त्यांच्याच पुण्याईवर काढत आहोत.

तेव्हा या सुट्टीत गावी जाल, तर मुलांच्या हाती चतकोर कागदांची एक चळत द्या. आजीच्या, आत्याच्या, बांधावर भेटणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून पूर्वी न ऐकलेला शब्द आला की डाव्या कोपऱ्यात तो लिहायचा. खाली त्यांचे वाक्य जसेच्या तसे, बोलीतले, न सुधारता. मग गावाचे नाव. आणि ती मुले आपसांत काहीतरी अगम्य बोलून हसतील, तो शब्दही याच चळतीत जाऊ द्या, नाक न मुरडता. तारीख मात्र घालायला विसरू नका.